डावीकडून नेलेली वायर

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. घरचे ह्याला खोड म्हणतात, मी अनुभव म्हणतो. गावी चौथी करून मुंबईला आलो. खरं वाचायला शिकलो ते गिरणीच्या फाटकावर लावलेल्या नोटिसा वाचून. नोटीस वाचताना जे लिहिलेलं नाही तेच आधी शोधायचं, हे तिथेच कळलं. पुढे संप झाला, गिरण्या बसल्या, आणि गिरणगावात जे बघायला मिळालं ते बघितलेला माणूस शेजाऱ्यानं "बरं आहे ना?" विचारलं तरी हा का विचारतोय याचा विचार करत बसतो. मीही तसाच बसायचो. अजून बसतो.

तर ही गोष्ट वायरीची आहे. संपाला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती.

आमची चाळ लालबागची, चौकोनी. मधे चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. खाली रस्त्याकडच्या अंगाला मुलानं एक गाळा भाड्यानं घेतला होता. तो लग्नपत्रिका छापायचा आणि लग्नाचे अल्बम करायचा. गाळ्यात त्याचा कॉम्प्युटर आणि छापायचं मशीन. दुसरा कॉम्प्युटर वर आमच्या खोलीत, त्यावर सून काम करायची. नवरीचा चेहरा उजळायचा, मागे कारंजं लावायचं, रुसून न आलेल्या मामाला दुसऱ्या फोटोतून आणून उभा करायचा, मग मामाशी पुन्हा वाजलं की काढून टाकायचा. हात चांगला होता तिचा. पण गिऱ्हाईक खाली आणि काम वर. केलेलं काम सीडीच्या तबकडीवर भरून खाली न्यायचं, गिऱ्हाईक बदल सांगणार, की परत वर. ती ने-आण मी करायचो. आधी ती आणि मी दोघं करायचो. मग तिला दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी जिना बंद केला. माझे गुडघेही तोपर्यंत मोडीत निघाले होते.

एका रविवारी जेवताना मुलानं विषय काढला.

"डोंबिवलीला एक जागा आहे बाबा. पुढे गाळा, मागे दोन खोल्या. दोन्ही कॉम्प्युटर एका टेबलावर राहतील."

"आणि आम्ही?"

"तुम्ही पण या ना."

माझ्या बायकोनं पानात भात वाढता वाढता हात थांबवला. मला ते 'पण' खटकलं. बोलणारा नेमकं काय विसरला होता आणि ऐनवेळी त्याला काय आठवलं, ते त्यात होतं.

मी लालबाग सोडून कुठे जाणार नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं. म्हणजे जायचं त्यांनी, राहायचं आम्ही, आणि नातवंड बघायचं सणावारी. कॉम्प्युटर दुरुस्त करायला घोडपदेवचा एक इंजिनीअर यायचा, त्याला गाठलं. चाळिशीतला, पोट सुटलेला, तोंडात सदा पान. त्याला विचारलं, दोन कॉम्प्युटर एका टेबलावर न आणता जोडता येतात का? तो म्हणाला, "येतात ना काका, वायर टाका. वरून पाठवला फोटो, खाली उघडला. त्यात काय."

मी घरी येऊन मुलाला सांगितलं. वायर चालली तर राहायचं. नाही चालली तर अक्षय्य तृतीयेला खुशाल डोंबिवलीचं दार उघडा, मी अडवणार नाही. बायकोच्या देखत कबूल करून घेतलं. तो लगेच हो म्हणाला. इतका लगेच हो म्हणाला की तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वायर मी ओढणार, हे मी आधीच सांगितलं होतं. मी गिरणीच्या साळखात्यात दोन साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, सुताला ताण किती द्यायचा ते मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून वायरीचं खोकं आणलं. आणि वायर डावीकडून नेली.

डावीकडून का, ते सांगायला हवं. आमच्या दारातून उजवीकडे वळलं की चार दारं, मग जिना, आणि तो जिना थेट गाळ्याच्या बाजूला उतरतो. त्या चार दारांतलं एक दार माझ्या जुन्या सोबत्याचं. तो माझ्याच तालुक्यातला. मुंबईला आलो तेव्हा आम्ही एका खानावळीत जेवायचो. गिरणीत त्याचे साचे माझ्या साच्यांना लागून. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, ओठ बघून ओळखायचं असतं. त्याचे ओठ मी जितके वाचले तितके बायकोचेसुद्धा वाचले नाहीत. संपात आम्ही बरोबरच बाहेर पडलो. घरातली भांडी एकाच दुकानात मोडली. मग संप चालू असतानाच एका सकाळी, कामावर परतणाऱ्यांना घेऊन, खिडक्यांना जाळ्या लावलेला ट्रक गिरणीच्या फाटकातून आत गेला आणि त्यात तो बसलेला मी पाहिला. मान खाली घातलेली, पण मला ओळखायला मान पुरे होती. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्याकडे कारणं असतील. कारणं सगळ्यांकडेच होती. पुढे गिरणी बंद पडली आणि तोही आमच्यासारखाच घरी बसला, पण त्यानं हिशोब बदलत नाही.

त्याच्या चौकटीवरून माझ्या घरची वायर जाणं शक्य नव्हतं. त्याला विचारावं लागलं असतं.

म्हणून वायर डावीकडून, चौकाला वळसा घालून कठड्याला बांधत नेली, मग पलीकडच्या जिन्यानं खाली, मागच्या संडासांच्या भिंतीवरून, पाण्याच्या टाकीखालून गाळ्याच्या मागच्या खिडकीत. वायर लोंबणार नाही, कुणाच्या कपड्यांच्या काठीत अडकणार नाही, अशी बांधली. मुलगा म्हणाला, "उजवीकडून जवळ पडेल बाबा." मी म्हणालो, "तिकडे मोरीचं पाणी उडतं." तो काय समजायचं ते समजला.

बायको मात्र गप्प बसणारी नव्हे. "तेच्या दारावरसून वायर नेलास तर काय ती बाटतली?" तिनं विचारलं. तिचं आणि त्याच्या बायकोचं नळावरचं बोलणं कधीच बंद झालं नव्हतं. त्याबद्दलही मला संशय होता, की आमच्या घरातलं काय काय नळावाटे तिकडे वाहून जातं.

संध्याकाळी इंजिनीअरनं दोन्ही टोकांना पिना बसवल्या. बारीक हिरवे दिवे लुकलुकू लागले. सुनेनं वरून एक नवरा-नवरी पाठवली, ती खाली उतरली. मी जिना उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. तीच साडी, तेच कारंजं. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. मुलगा "छान झालं" म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो अडकला.

सून गॅलरीत येऊन कठड्यावरून खाली हाक मारायची, "अहो, आला का?" खाली मुलगा गाळ्यातून चौकात यायचा. "अर्धा आलाय." "आता?" "आता थांबला." चौक असा की एका कोपऱ्यात शिंकलं तर चारी बाजूंनी "शतंजीव" म्हणतात. दोन दिवसांत सगळी चाळ ह्या कामाला लागली. समोरच्या गॅलरीत तांदूळ निवडणारी बाई विचारायची, "नवरी कुठपर्यंत पोचली?" पहिल्या मजल्यावरून कुणी म्हणायचं, "कमरेपर्यंत आलीय, पाय यायचेत." मला ह्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"पडद्यावर लिहून काय येतं?" मी सुनेला विचारलं.

"वेळ संपली म्हणून येतं बाबा. टाइम आऊट."

"कसली वेळ?"

ती समजावून सांगायची. तिचा तो गुण होता, मला अडाणी धरून सांगायची नाही. म्हणाली, "हा कॉम्प्युटर खालच्याला हाक मारतो. खालच्यानं ओ द्यायची. ठरलेल्या वेळात ओ आली नाही, की हा म्हणतो, वेळ संपली, मी नाही थांबत."

"किती वेळ थांबतो?"

"क्षणभर."

"क्षणभरात कोण ओ देतं? माणूस मोरीत असेल."

"तो मोरीत जात नाही बाबा." ती हसली. मग म्हणाली, "गंमत अशी, की नुसती हाक मारली तर बहुतेक वेळा ओ येते. मोठा फोटो पाठवायला घेतला की येत नाही."

ते मी मनात धरून ठेवलं. लहान जातं, मोठं अडतं. म्हणजे कुणीतरी बघून बघून अडवत होतं.

इंजिनीअर आला. तो दिवसा कुठे नोकरीला होता, त्यामुळे आमच्याकडे यायचा संध्याकाळीच. एक डबी एका टोकाला लावली, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि मला बोलावून दाखवलं. "बघा काका, आठ तारा, आठ दिवे. एक पण तुटलेली नाय. वायर एकदम ओके."

"मग फोटो का जात नाही?"

"सिस्टिममध्ये लफडा असेल. आत एक भिंत असते, चोर येऊ नये म्हणून. ती बंद करतो."

"आणि चोर आले तर?"

"तुमच्याकडे काय चोरणार काका? मामाचा फोटो?"

भिंत पाडली. कॉम्प्युटरचे नंबर बदलले. पुढच्या खेपेला वायर जिथे खुपसतात ते दोन्हीकडचे भाग बदलले. दर खेपेला तो असेपर्यंत फोटो सुरळीत जायचे. तो पान थुंकून घोडपदेवला गेला, की दुसरी दुपार, आणि पुन्हा वेळ संपली. डॉक्टर समोर असेपर्यंत ताप नाही, अशी तऱ्हा. मला वाटलं, हाच काहीतरी करून जात असेल, परत बोलावणं यावं म्हणून. एकदा तर त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेलो, जाता जाता वायरीला हात लावतो का बघायला. त्यानं कठड्याला पानाचा हात पुसला, बाकी काही नाही.

पण दुपार ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. सकाळी जमतं, संध्याकाळी जमतं, दुपारी बिघडतं. दुपारी गॅलरीत कोण असतं? बायका झोपतात, पुरुष कामाला. दुपारी जेवून शतपावली करणारा चाळीत एकच माणूस होता, तो ट्रकमधला. कठड्यावरून हात फिरवत चौकाला पुरी फेरी घालायचा, आणि माझी वायर त्याच कठड्याला.

मला सगळं समजलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण झालं की गॅलरीत स्टूल टाकून बसायला लागलो. ऊन असं की डोक्यावर ओला टॉवेल घ्यावा लागायचा. तो बाहेर आला. बनियन, पट्ट्यापट्ट्याची चड्डी. सावकाश समोरच्या गॅलरीत गेला, कोपऱ्यावर थांबला, वायरीखाली बोट घातलं आणि सोडलं. जसं आपण साच्यावर सुताचा ताण बघतो, तसं.

ज्यांचं बोलणं बंद असतं ते चाळीत हवेशी बोलतात. ती पद्धत आहे. तो माझ्यापाशी आल्यावर मी समोरच्या कावळ्याला सांगितलं, "काही लोकांच्या बोटांना खाज असते. दुसऱ्याचं चाललेलं बघवत नाही."

तो पुढे गेला, मग खांबाकडे बघून म्हणाला, "गॅलरी काय कोणाच्या बापाने बांधली नाय. फास लावावा तशी आवळलीय, म्हणून बघितली."

"ज्यांना ताण सोसवत नाही त्यांनी बोलू नये," मी कावळ्याला म्हणालो. त्याला ते लागलं. तो आत गेला. त्या दुपारीही फोटो अडला, आणि मी मुलाला छातीठोकपणे सांगितलं की चोर सापडला.

मग शिमगा आला आणि तो गावाला निघून गेला. त्याच्या दाराला कुलूप लागलं. मी त्या वर्षी गावाला गेलो नाही, वायरीवर पहारा कोण ठेवणार? त्याचं कुलूप बघून मी सुनेला म्हणालो, "आता लाव. आता बघ कसे धावतात."

दुपारी सुनेनं लावला. नवऱ्यामुलाचा फेटा खाली उतरला आणि तिथेच राहिला.

मला बरं वाटायला हवं होतं, की शेजारी तरी चोर नाही. तसं वाटलं नाही. राग आला. पकडलेला माणूस दोनशे कोसांवर पालखी नाचवतोय आणि इथे चोरी चालूच, म्हणजे माझा इतक्या दिवसांचा पहारा फुकट. "तेका शिमग्यात सुद्धा सुखान नाचूक देव नकात," बायको म्हणाली. "तेची उचकी थांबली नसात."

आता उरलं कोण? बिल्डरचा माणूस चाळीत सह्या गोळा करत फिरायचा, त्याला लोक चाळ सोडून गेलेले हवेच होते. पण तो दुपारी यायचा नाही. मग मी दुसऱ्या बाजूनं विचार केला. वायर नाही चालली तर कुणाचा फायदा? त्याचं उत्तर आमच्याच घरात होतं.

त्याच आठवड्यात मी गाळ्याच्या मागच्या खिडकीपाशी वायर बघायला गेलो होतो. आत मुलगा फोनवर बोलत होता. "हो, हो. जागा धरून ठेवा. बहुतेक येतोच आम्ही." मी तसाच मागे फिरलो. दुसऱ्या दिवसापासून स्टूल गॅलरीतून गाळ्यात गेलं.

मी त्याच्या हातांकडे बघायचो. कुठलं बटण दाबतो, टेबलाखाली कशाला वाकतो. तो वैतागला. "बाबा, तुम्ही असे बघत बसता, गिऱ्हाईक घाबरतं. कालच्या बाईनं विचारलं, हे कोण, पोलीस आहेत का?"

"तुझ्याकडे लपवण्यासारखं नसेल तर तू कशाला घाबरतोस?"

"मी काय लपवतोय?"

ज्याला विचारायचं त्याला कधी सरळ विचारू नये, तो सावध होतो. मी वर आलो. सून पाय सुजले म्हणून पाटावर पाय ठेवून काम करत होती. तिला म्हणालो, "एक सांग पोरी. तुमचं ठरलंय ना जायचं? मग हे वायरीचं नाटक कशाला? सरळ जा."

तिनं कॉम्प्युटरवरचा हात काढला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी ऐकलं. तो फोनवर धरून ठेवा म्हणत होता."

"त्यांना जायचंय," ती म्हणाली. "दुपारी गिऱ्हाईक समोर बसवून फोटोची वाट बघायला लागते, त्याची त्यांना लाज वाटते. पण वायर ते बिघडवत नाहीत, बाबा. आणि मला नाही जायचं. डोंबिवली माझ्या माहेरच्या जवळ आहे, तरी नाही जायचं. इथून हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे, आई आहेत, नळाला पाणी येतं. जायचं असतं तर मी आठ तारांचे रंग पाठ करत बसले असते का?"

ती चिडली होती. मी तिला चिडलेलं पहिल्यांदा बघत होतो आणि चिडलेला माणूस खोटं कमी बोलतो, म्हणून मी स्टूल ओढून बसलो.

"तुम्ही एकेक माणूस धरताय," ती म्हणाली. "उद्या मला एकेक वस्तू धरून बघू द्या. मधे बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला खालचा कॉम्प्युटर वर आणायला लावला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, वायरीचा उरलेला छोटा तुकडा मधे लावला. भर दुपारी, पंख्याचा वारासुद्धा गरम, आणि तिनं अख्खाच्या अख्खा अल्बम पाठवायला घेतला. हळद, अक्षता, पंगत, बिदाई, सगळं ह्यातून त्यात गेलं. एकदाही वेळ संपली नाही.

"म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर चांगले," ती म्हणाली. "मांडलेले नंबर, भिंती, सगळं बरोबर. राहिली फक्त वायर."

"वायर तुटलेली नाही," मी म्हणालो. "आठ दिवे मी स्वतः बघितलेत."

"तुटलेली नाही. ते मी पण बघितलंय." ती उठून दारापाशी गेली, चष्मा लावून वायर बोटांत फिरवली. वायरीवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले होते, दर मीटरला एक. मी वायर ओढली, बांधली, तिच्यावर पहारा केला, पण ते मला कारखान्याचं काहीतरी वाटलं होतं. तिनं वरच्या टोकाचा आकडा वाचला. मुलाला खाली पाठवून खालच्या टोकाचा वाचायला लावला. वजाबाकी केली आणि इंजिनीअरला फोन लावला. मला फोनमधून त्याचा आवाज ऐकू येत होता.

"एकशे चाळीसच्या वर? अरे बापरे. शंभरच्या पुढे नाय चालत भाभी. मी तारा चेक केल्या, लांबी कोण बघतो? आणि त्यात वायर उन्हात. तापली की अजून दम जातो तिचा."

तिनं फोन ठेवला. "वायर लांब आहे बाबा. हाक धडपडत पोचते, पण मोठं ओझं झेपत नाही. गारव्यात कशीतरी ओढते, उन्हात बसते." मग मुलाकडे बघत म्हणाली, "बाबांचं भांडण चाळीला माहीत होतं. आता कॉम्प्युटरला पण कळलं."

मुलगा हसला. मी हसलो नाही. मी वायर परत मोजणार म्हणालो. छापलेल्या मापावर मी आयुष्यात विसंबलो नाही, आमच्या गिरणीच्या घडीखात्यात कापडाचा तागा किती भरतो आणि वर किती छापतात ते मी बघितलेलं होतं. शिंप्याकडून गज आणून सगळी गॅलरी फिरलो. माझं माप छापील मापापेक्षा थोडं जास्तच भरलं.

तरी मी लगेच हटलो नाही. इंजिनीअर म्हणाला होता, अर्ध्या वाटेवर एक डबी बसवली तर ती हाक धरते आणि पुढे ताजी करून फेकते. मला ते पटलं. पण डबीला दिवसरात्र वीज लागते, म्हणजे समोरच्या गॅलरीत कुणाच्या तरी घरातून बटण घ्यावं लागणार. तिथली म्हातारी आधी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली, मुलगा म्हणतो आग लागेल. तिला कुणी शिकवलं ते मी अजून शोधतोय. तिच्या शेजारचं दार बंद, त्याच्या पुढचं बिल्डरनं विकत घेतलेलं.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. मुलानं विचारलं नाही, आठवणही करून दिली नाही. नुसता संध्याकाळी वर यायचा आणि सुजलेले पाय बघायचा. त्यानं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"उजवीकडून नेली तर पुरेल, मी विचारून येते त्यांना," सून म्हणाली.

"वायर मी ओढलीय," मी म्हणालो.

तो गावाहून परतला होता. सकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो दाराच्या आत बसून पेटीतले कच्चे आंबे गवतात लावत होता. देठ खाली, एकाला एक न चिकटवता. त्याला माझे पाय दिसले असणार. त्यानं वर बघितलं नाही.

"वायर न्यायचीय," मी म्हणालो. हवेला नाही, त्याला.

त्यानं हातातला आंबा नीट ठेवला. "कसली?"

"कॉम्प्युटरची. तुझ्या चौकटीवरून. खिळे मारावे लागतील."

"तिकडनं नेलीस ना? सबंध चाळीला प्रदक्षिणा घालून."

"ती लांब पडते."

"पडते ना लांब?"

"पडते."

त्यानं आणखी दोन आंबे लावले. मला घाम फुटला होता, पण पुसायला मी खांद्यावरचा टॉवेल काढला नाही.

"त्यातनं काय जातं?"

"फोटो. लग्नाचे."

"आणि माझ्या घरातलं बोलणं?"

"ते कशाला जाईल?"

"वीस वर्षांत तू माझ्या दारात पाय ठेवला नायस, आणि आज माझ्या चौकटीवर काहीतरी लावायला आलायस. मी विचारणार नाय? बिल्डरची वायर नाय ना ही? तो सह्या गोळा करत फिरतोय."

मला राग आला. पण त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, कदाचित जास्तच. मी सांगितलं, बिल्डरची नाही. वायर नाही गेली तर माझी सून डोंबिवलीला जाईल.

"ते नळावरून कळलं मला," तो म्हणाला. "मग सुनेलाच का नाय पाठवलीस? तिला मी नाय म्हटलं नसतं."

"वायर माझी आहे."

तो गुडघ्यावर हात रोवून उठला. त्याचेही गुडघे गेले होते. चौकटीवरून अंगठा फिरवला. "त्या दिवशी ट्रकमध्ये," त्यानं सुरुवात केली.

"ते बोलायला आलो नाही मी."

"मग नको बोलू. मलाही आंबे लावायचेत." मग म्हणाला, "खिळे मी मारणार. माझ्या चौकटीत तुझा हातोडा नको."

"सरळ मार."

"मला शिकवू नको."

दुपारच्या आत आम्ही ते काम केलं. मी वायर धरली, त्यानं खिळे मारले. मी त्याच्या हातावरची नजर हलवली नाही. प्रत्येक खिळ्याला वाकून बघत होतो, की खिळा वायरीच्या बाजूला बसतोय की पोटात.

"बघतोस काय? वायरीत खिळा घालीन असं वाटतं?"

"वाटतं."

"मग बघ."

त्यानं एकही खिळा वायरीत घातला नाही. वायर मी आवळायला गेलो तर हातोडीच्या दांड्यानं माझा हात बाजूला केला आणि तिला थोडी सैल ठेवली. मी ते चालवून घेतलं, कारण चौकट त्याची होती. जिना, मग सरळ गाळा. डावीकडून सोडवून आणलेल्या वायरीतली निम्म्याहून जास्त माझ्या हातात उरली. पिना बसवायला इंजिनीअर दुपारीच आला, नोकरीतून तासभर सुटका करून घेऊन, कारण मी त्याला संध्याकाळी येऊ दिलं नसतं.

सगळ्यात तापलेल्या वेळेला सुनेनं अल्बम पाठवला. मी खाली गाळ्यात उभा होतो. फेटा आला, तोंड आलं, कमरेपर्यंत आला, पायांतल्या मोजड्या आल्या. मग पुढचा. मग पुढचा. चौकातून कुणी तरी ओरडून विचारलं, "मामा पोचला का?" मुलानं सांगितलं पोचला. मी त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी परत करायला लावलं, आणि तिसऱ्या दिवशीही. एका दिवसाच्या चालण्याला मी चालणं म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलानं माझ्यासमोर डोंबिवलीला फोन लावला. मी स्टूल जवळ ओढलं.

"आम्ही नाही येत आहोत," तो म्हणाला. "हो. इथेच जमलं आमचं."

"परत सांग," मी म्हणालो. "त्याला नीट ऐकू गेलं नसेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि फोनमध्ये परत सांगितलं. मग फोन ठेवला.

"काय म्हणाला तो?"

"बरं म्हणाला."

"एवढंच? जागा दुसऱ्याला देतो म्हणाला का?"

"नुसतं बरं म्हणाला, बाबा."

मी वर गेलो. सून पाय वर घेऊन झोपली होती. बायकोला मी सांगितलं की राहतायत, निदान तसं म्हणतायत. अक्षय्य तृतीया जाईपर्यंत मी गाळ्यात रोज जात राहिलो, फोन वाजला की कोणाचा ते बघायला.